जर्मनीतल्या ब्रिटिश मुलासाठी: कराराचं संरक्षण की जर्मन नागरिकत्व?

मुलगा ब्रिटिश पासपोर्टवर जर्मनीत नोकरीला आणि आई-वडील बडोद्यात, दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात. अशा घरासाठी हे लिहितो आहे.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत जे ब्रिटिश नागरिक जर्मनीत राहत होते, त्यांचे हक्क ब्रिटन आणि युनियनमधल्या माघारीच्या करारानं राखले: राहणं, नोकरी, आरोग्यविमा, पेन्शन. फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये त्यासाठी नव्यानं अर्ज करावा लागला. जर्मनीत हक्क कायद्यानंच मिळाले. म्हणून या हक्कांचा दाखला असलेलं कार्ड हातात असलेले निर्धास्त असतात. मला ती निर्धास्ती पटत नाही.

करार फक्त राहत्या देशापुरता आहे. उद्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नात चांगली नोकरी चालून आली, तर परवाना मागण्यापासून सुरुवात. कायम वास्तव्याचा हक्कही सलग पाच वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की जातो. आईच्या दुखण्यात बडोद्याला येऊन राहिलेल्या मुलाला पाच वर्षं कशी गेली ते कळतही नाही. स्थानिक निवडणुकीतलं मत तर गेलंच. युरोपियन न्यायालयानं जून २०२२ मध्ये तसा स्पष्ट निकाल दिला.

नागरिकत्वात यातलं एकही बंधन नाही. २७ जून २०२४ पासून जर्मनीत दुहेरी नागरिकत्व चालतं, म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागत नाही. पाच वर्षांचं वास्तव्य, बी-१ पातळीचं (रोजच्या व्यवहारापुरतं) जर्मन, नागरिकत्वाची ३३ प्रश्नांची परीक्षा, २५५ युरो फी आणि स्वतःच्या कमाईवर घर चालतं याचा पुरावा लागतो. माझा कौल नागरिकत्वाला.

पण एका बाबतीत करार फार उदार आहे. मुलावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना त्याखाली आजही जर्मनीत नेता येतं. साध्या जर्मन नागरिकाला परदेशातल्या आई-वडिलांना आणणं फार अवघड जातं. नागरिकत्व घेतल्यावरही जुने कौटुंबिक हक्क टिकतात, असा आधार युरोपियन न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात सापडतो, पण तो वकिलाकरवी मांडत बसण्यापेक्षा आई-वडिलांचा अर्ज आधी करावा. निर्णय लागला की मग नागरिकत्वाचा.

सून भारतीय पासपोर्टवर असेल तर हिशोब निराळा. जर्मन होताच तिचं भारतीय नागरिकत्व संपतं, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांसाठीचं) कार्ड घ्यावं लागतं, आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. लग्न २०२० संपण्याआधीचं असेल आणि तिच्याकडे कराराखालचं कार्ड असेल, तर तिनं घाई करू नये. अर्ज आधी मुलानं करावा.