फोल्डसीक: सोयाबीनच्या गाठीत सापडला आपला पाव्हणा

एमेस्सीच्या प्रोजेक्टसाठी दोन महिन्यांपासून फोल्डसीकचा (आकारावरनं सारखी प्रोटीन शोधायचं टूल) वेब सर्व्हर वापरायलोय, फुकट आहे, लॉगिनची पण कटकट नाही. स्टार द्यायचे तर पाच.

आमचं गाव लातूरकडचं, म्हणजे शेतात काय हे सांगायची गरज नाही. श्रावणात सोयाबीनचं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली की आत गुलाबी लाल दिसतं, ते लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रोटीन. ऑक्सिजन धरून ठेवतंय, नायतर हवेतला नत्र पकडणारं एन्झाईम मोकळ्या ऑक्सिजननं निकामी होतं. हे आपल्या स्नायूतल्या मायोग्लोबिनचं नातेवाईक, असं वाचलेलं, पण दोघांच्या अमिनो आम्लांच्या ओळी शेजारी ठेवल्या तर जुळणी जेमतेम 20 टक्क्यांच्या आसपास, तेवढ्यावर नातं सांगायला जीभ रेटत नाही.

इथं ओळ नाही, आकार टाकायचा. अल्फाफोल्डच्या (अमिनो आम्लांच्या ओळीवरनं प्रोटीनचा आकार ओळखणारं एआय) डेटाबेसात 20 कोटींच्या वर अंदाजित स्ट्रक्चर पडलेत, तिथनं सोयाबीनचं घेतलं आणि टाकलं. एकेक स्ट्रक्चर दुसऱ्यावर बसवत गेलो तर जन्म जाईल, म्हणून ह्या पठ्ठ्यांनी काय केलं, प्रत्येक अमिनो आम्ल प्रोटीनच्या घडीत कुणाला खेटून कसं बसलंय ते 20 अक्षरांपैकी एका अक्षरात लिहिलं, मग आकार शोधणं म्हणजे अक्षरं शोधण्यासारखंच झालं, चहा होईपर्यंत रिझल्ट हजर. मायोग्लोबिन वर क्लिक केलं तर दोघं एकमेकांवर असे बसले की बघतच राहिलो, हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखे पीळ, तसेच वळलेले, हीम (ऑक्सिजन धरणारा लोहवाला भाग) बसायची खोबण पण त्याच जागी. अमिनो आम्लं बदलत गेली तरी घडी टिकते, कारण घडी मोडली तर कामच बंद.

पण जुळणीचा स्कोअर बघून लगेच वंशावळ काढू नका, मी काढली आणि गाईड सरांनी अर्धा तास झापलं. टिम बॅरल सारखी पिंपाच्या आकाराची घडी तर कुठल्याकुठल्या प्रोटीनमध्ये असती, नुसत्या तेवढ्यावरनं सगळे एका आजोबाचे म्हणता येत नाही, अ‍ॅक्टिव्ह साईट (प्रोटीनचं खरं काम होतं ती जागा) आणि बाकीचं पण बघावं लागतं. अल्फाफोल्डमध्ये नारिंगी दिसणारा भाग, म्हणजे कॉन्फिडन्स 50 च्या खाली, त्याच्या आकारावर तर अजिबात जाऊ नका.

घरी स्क्रीन दाखवली तर बाबा म्हणले, "म्हणजे यंदा पाव्हण्यालाच विळा लावायचा की रे."