वाकलेली लांब पट्टी: प्रेसवर दाबायची की ग्राइंडरवर काढायची?

ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक भागात, वागळे इस्टेट असो, रबाळे असो की महापे, स्टीलची वाकडी पट्टी घेऊन गाळ्यात गेलात की दोन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, "द्या, प्रेसवर लगेच सरळ करून देतो." दुसरा म्हणतो, "सरफेस ग्राइंडिंग करावं लागेल, म्हणजे फिरत्या चाकाने घासून सपाट करावं लागेल, वेळ लागेल, पैसेही लागतील." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तुमच्या पट्टीला काय हवं ते ठरवायला तीन गोष्टी हातात लागतात: बाक किती, मटेरियल किती शिल्लक आणि पट्टी हार्डन केलेली (तापवून कडक केलेली) आहे की नाही.

आधी बाक नीट मोजा. पट्टी आडवी ठेवून मोजली तर तिचं स्वतःचं वजन फसवतं. १ मीटर लांब, १० मिमी जाड पट्टी फक्त दोन टोकांवर ठेवली, तर ती मधोमध सुमारे ०.६ मिमी आपोआप खाली झुकते. म्हणून ती कडेवर उभी करा, स्ट्रेट एज (अचूक सरळ कडेची पट्टी) लावा आणि फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घाला. पीळ मात्र सरफेस प्लेटवरच (अगदी सपाट पाटावर) कळतो: तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे आलटून पालटून दाबून पाहा, पट्टी डुगडुगते का ते.

प्रेसचं काम सोपं आहे. दोन व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) पट्टी, पोट म्हणजे फुगीर बाजू वर, मधून दाब. सरळ रेषेच्या थोडं पलीकडे न्यायची, सोडली की परत येते. अनुभवी हात असेल तर डायल गेजचा काटा बघत बघत पाव मिमीच्या आत आणतो. खर्च कमी, मटेरियल जात नाही, काम अर्ध्या दिवसात हातात. स्टँड, सपोर्ट, गाइडची मागची पट्टी, असं काही असेल तर मी डोळे झाकून प्रेसच सांगेन.

पण प्रेस ताण काढत नाही, आत नवा ताण भरते. त्या पट्टीवर नंतर मशीनिंग केलंत, एका बाजूचं कातडं काढलंत, की ती पुन्हा मान वर करते. हार्डन केलेली डी-२ किंवा ओएचएनएस (ही टूल स्टील) थंड असताना प्रेसवर घालूच नका. तडा जातो, आणि कधीकधी तो लगेच दिसतही नाही. पीळसुद्धा साध्या प्रेसने धड निघत नाही.

ग्राइंडिंगमध्ये पीळ आणि बाक दोन्ही निघतात. पण ते नुसतं मशीनच्या टेबलावरच्या मॅग्नेटवर ठेवून चाक फिरवण्याचं काम नाही. पातळ पट्टीला मॅग्नेट ओढून चपटी करतो, वरून ग्राइंडिंग झकास होतं, मॅग्नेट बंद केला की पट्टी उडी मारून होती तशी वाकडी. अशी परत आलेली कामं ठाण्यात पुष्कळ दिसतात. योग्य पद्धत अशी: पोट वर ठेवायचं, टोकं खाली टेकलेली. मधली पोकळी फिलर गेजने मोजून तेवढ्याच जाडीची शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) सरकवायची, म्हणजे मॅग्नेटला ओढायला जागाच उरत नाही. पकड कमी झालेली असते, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि कडेला ठोकळे लावलेच पाहिजेत, नाहीतर पट्टी चाकाखालून सुटून माणसाला लागते. मग ०.०१ मिमीचे हलके कट. आधी फक्त मधोमध ठिणग्या दिसतात, हळूहळू त्या टोकांकडे पसरतात. अखंड पृष्ठभाग मिळाला की पालटायचं. आता खाली सपाट बाजू आहे, शिम नको, दुसऱ्या बाजूची टोकं कापली जातात.

जाडी किती जाईल, याचा अंदाज बऱ्याच जणांचा चुकतो. बाक ०.३ मिमी असेल तर दोन्ही बाजूंना मिळून ०.६ जाईल असं वाटतं. तसं नाही. वरून मध्ये कापतो, खालून टोकांना, म्हणून शेवटची जाडी साधारण ०.३ नेच घटते, वर दोन्ही तोंडं साफ करण्यापुरती थोडी. पीळही असेल तर त्याचं मटेरियल वेगळं धरा.

उष्णतेचा हिशेब मात्र कोणी धरत नाही. ६०० मिमी लांब, २० मिमी जाड पट्टीचा वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा फक्त १ अंश गरम झाला तरी मध्य सुमारे २७ मायक्रॉन (०.०२७ मिमी) वर उचलला जातो. चाक तो उंचवटा कापतं, आणि थंड झाल्यावर तिथे खड्डा. १० मिमी जाडीला तोच आकडा दुप्पट. भरपूर कूलंट (थंड ठेवणारं पाणी), नुकतंच ड्रेस केलेलं (तोंड ताजं केलेलं) मऊ चाक आणि घाई नाही, एवढं पाळणाऱ्याकडेच काम द्या. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी फिनिश कट घेण्यापेक्षा सकाळी घेतलेला बरा.

बाक शिल्लक मटेरियलपेक्षा जास्त असेल तर दोन्ही पद्धती जोडा: आधी प्रेस, मग स्ट्रेस रिलीव्हिंग (भट्टीत तापवून आतला ताण काढणं), मग ग्राइंडिंग. एन-८ सारख्या साध्या कार्बन स्टीलला ५५० ते ६५० अंश, २५ मिमी जाडीला साधारण तासभर, आणि भट्टीतच सावकाश थंड. हार्डन केलेल्या पट्टीला ही भट्टी चालणार नाही, तिचा कडकपणा उतरेल. ब्राइट बार (थंड ओढून काढलेली चकचकीत पट्टी) असेल तर मी हा टप्पा टाळणार नाही. तिच्या कातड्यात ओढकामाचा ताण असतो, म्हणून एक बाजू कापली की ती वळते. भट्टी जमत नसेल तर निदान दोन्ही बाजूंना आलटून पालटून थोडं थोडं काढायला सांगा.

मशीनची लांबीही विचारा. लहान गाळ्यांतला ग्राइंडर बहुतेक १८ बाय ६ इंची असतो. तुमची पट्टी ८०० मिमी असेल तर "दोन भागांत करून देतो" याला होकार देऊ नका, मधल्या सांध्यावर पायरी राहते. मोठ्या टेबलाचं मशीन तुर्भे किंवा रबाळ्यात शोधा, भाडं जास्त पडलं तरी चालेल.

साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी असेल आणि बाक दोन-तीन मिमी असेल, तर मी दुरुस्तीच सोडून देईन. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून नवी घ्या, जाडीला मुबलक मार्जिन ठेवून.

काम घ्यायला जाल तेव्हा डायलचं रीडिंग मॅग्नेट बंद करून, पट्टी पूर्ण थंड झाल्यावर, तुमच्या समोर घ्यायला लावा.