जपानी सहकाऱ्यांशी संवादाची कार्यशाळा : पहिला दिवस मोलाचा, दुसरा सैल

जपानी कंपन्यांची कामे करणाऱ्या अभियंत्यांसाठी पुण्यातील एका लहान प्रशिक्षण संस्थेने घेतलेल्या दोन दिवसांच्या संवाद कार्यशाळेला मी नुकताच उपस्थित होतो. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि जुलै आणि डिसेंबरमध्ये होणारी जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा देणारे विद्यार्थीही बरेच आहेत. मात्र त्या परीक्षेत संभाषणाची चाचणीच नसते. त्यामुळे एन-२ ही तिची वरून दुसरी पातळी उत्तीर्ण झालेला माणूसही टोकियोतील ग्राहकाबरोबरच्या पहिल्या बैठकीत चाचपडतो, कारण कोणती गोष्ट कोणासमोर, केव्हा आणि किती उघडपणे बोलायची हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

पहिल्या दिवशीचा बैठकीचा सराव हा या कार्यशाळेचा गाभा आहे. जपानमध्ये अनेक वर्षे व्यवस्थापक म्हणून काम केलेले प्रशिक्षक ग्राहकाच्या भूमिकेत बसतात आणि सहभागींनी त्यांना काम लांबल्याची बातमी द्यायची असते. ते सतत मान हलवत ‘हाय, हाय’ म्हणत राहतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती संमती वाटते. प्रत्यक्षात ती ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढीच खूण असते. त्यानंतर ते काहीही न बोलता कागदाकडे पाहत राहतात. ही शांतता आमच्यापैकी एकालाही पेलली नाही. कोणी तेच स्पष्टीकरण पुन्हा दिले, तर एकाने समोरून मागणी आलेली नसताना स्वतःहून आठवडाभर अलीकडची तारीख कबूल केली. ध्वनिमुद्रण ऐकवून प्रशिक्षकांनी तो क्षण नेमका दाखवून दिला. समोरचा माणूस विचार करत होता आणि आपण त्याला नाराज समजून सवलत देऊन बसलो, हे स्वतःच्या आवाजात ऐकल्यावर जे उमगते ते कोणत्याही पुस्तिकेतून उमगणार नाही.

नेमावाशी, म्हणजे बैठकीपूर्वी संबंधितांना एकेकटे भेटून त्यांचे मत घेण्याची पद्धत, हीदेखील अशीच करून दाखवली. अनेक जपानी कंपन्यांत प्रस्तावाचा कागद खालून वर फिरतो, त्यावर एकेकाचा शिक्का उमटतो आणि बैठकीच्या वेळेपर्यंत निर्णय जवळजवळ पक्का झालेला असतो. अशा बैठकीत उत्साहाने मांडलेली नवी कल्पना, ती कितीही चांगली असली तरी, सर्वांना अडचणीत टाकते. आमच्याकडून बैठकीआधीचे ई-मेल लिहून घेतले गेले आणि एकेक वाक्य तपासले गेले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो होरेन्सोवरील भाग. वरिष्ठांना कळवणे, इतरांना माहिती देणे आणि सल्ला घेणे, या तिन्हींची सांगड म्हणजे होरेन्सो. अडचण आली की तिचे कारण सापडण्याच्या आधीच ती कळवावी, अशी तेथील अपेक्षा असते. आपल्याकडे मात्र वरिष्ठांपुढे नुसती अडचण नेणे अप्रशस्त मानले जाते. उपाय हाती आल्यावरच तोंड उघडावे आणि तोवर ‘होऊन जाईल’ म्हणावे, असे आपण नोकरीच्या सुरुवातीलाच शिकतो. दोन्ही रीतींच्या मुळाशी आदरच आहे. शिवाय दोन्हीकडे वरिष्ठाच्या तोंडावर थेट ‘नाही’ म्हणणे जड जाते. न बोललेले समजून घेण्यासाठी समान पार्श्वभूमी लागते आणि येथे ती नसल्यामुळे, दोन आडवळणाने बोलणारी माणसे एकमेकांच्या होकाराला खरा होकार समजून महिनाभर काम करत राहतात. भारत-जपान प्रकल्पांतील बऱ्याच गैरसमजांचे मूळ मला येथे दिसते.

दुसऱ्या दिवसाने करून शिकवण्याचे हे सूत्र सोडून दिले. संपूर्ण सकाळ संस्कृतींच्या संवादशैलीबद्दलची एडवर्ड हॉल यांची 1976 ची मांडणी आणि देशोदेशींच्या संस्कृतींना गुण देणारे हॉफस्टेड यांचे निर्देशांक यांत गेली. अनिश्चितता टाळण्याच्या प्रवृत्तीत जपानला 92 आणि भारताला 40 गुण आहेत, हे कळले. परंतु ते आकडे मुळात 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, हे कोणी सांगितले नाही. हॉल यांच्या मांडणीत जपान हे शब्दांपेक्षा न बोललेल्या संदर्भावर भिस्त ठेवणाऱ्या संस्कृतीचे ठळक उदाहरण आहे आणि भारतालाही सहसा त्याच बाजूला ठेवतात. मग एकाच बाजूच्या दोघांत घोटाळा का होतो, या प्रश्नाला तेथे उत्तर नव्हते. संपूर्ण देशाला एक आकडा देणेही मला पटत नाही. आमच्याच गटात कोल्हापूरच्या एका अभियंत्याचे रोखठोक बोलणे लखनौच्या सहकाऱ्याला उद्धट वाटत होते, आणि त्यावर चर्चा झाली असती तर ती तक्त्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरली असती.

दुपारी व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे आणि किती वाकावे यावर बराच वेळ खर्च झाला. हे शिष्टाचार माहीत असावेत, पण ते दहा मिनिटांत सांगता येतात आणि परदेशी माणसाची त्यातील चूक जपानी मंडळी सहसा मनावर घेत नाहीत. जपानी सहकाऱ्यांसाठी अशी कार्यशाळा ही संस्था घेत नाही, ही उणीव मला अधिक गंभीर वाटते, कारण आपल्या ‘होऊन जाईल’चा अर्थ त्यांनाही कोणीतरी समजावून सांगायला हवा.

शुल्क कंपनी भरणार असेल आणि ग्राहकाशी तुमचे रोज बोलणे होत असेल, तर ही कार्यशाळा अवश्य करावी. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्यांनी मात्र नोंदणीपूर्वी बैठकीच्या सरावाला प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येणार आहे, हे विचारून घ्यावे. आमच्या तुकडीत शेवटच्या काही जणांना तो जेमतेम मिळाला.