बडोद्यातली पार्ट-लाइफ नोंदणी सेवा: तासांना चोख, आरआयएनला ढिली

हेलिकॉप्टरच्या कुठल्या पार्टचं आयुष्य किती उरलं, याची नोंद ठेवणारी ही सेवा. तासांचा हिशेब चोख. रॉबिन्सनच्या आर-४४ हेलिकॉप्टरचे ओव्हरहॉलआधीचे २२०० तास की १२ वर्षं, जे आधी भरेल ते त्यांच्या नोंदीत लाल होतं. गाडी अडते बेल कंपनीच्या हेलिकॉप्टरच्या मास्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर. तिथे आरआयएन (रिटायरमेंट इंडेक्स नंबर, म्हणजे पार्ट कधी बाद करायचा ते ठरवणारा आकडा) मोजावा लागतो. दर टॉर्क इव्हेंटला, म्हणजे उड्डाण घेताना किंवा ओझं उचलताना मास्टवर जोर पडला की, तो वाढतो. ओझं लटकवून सारखी चढउतार करणाऱ्या मशीनचा आरआयएन तास शिल्लक असतानाच संपू शकतो. ही मंडळी तो टेक-लॉगमधून (उड्डाणांच्या नोंदवहीतून) न घेता उड्डाणाच्या तासांवरून अंदाजाने भरतात. हे अजिबात चालणार नाही! पार्ट दुसऱ्या मॉडेलवरून आला असेल तर आधीचा वापर नोंदवायला रकानाच नाही. लॉग कार्डांचं (पार्टच्या इतिहासाच्या कार्डांचं) स्कॅनिंग मात्र झकास. सिरियल नंबरातला शून्य आणि ‘ओ’चा घोळसुद्धा पकडतात. तेवढ्यासाठी घ्या, आरआयएनचं रजिस्टर स्वतःकडे ठेवा.