बर्फाचा टब की चिलरचा?

व्यायामानंतर थंडगार पाण्यात बुडी मारायला घरी टब घ्यायचाय. समजा, मुंबईच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी २८ अंशांवर आहे. फुगवायच्या टबातलं ३०० लिटर पाणी १२ अंशांवर आणायला पन्नासेक किलो बर्फ लागतो. टब स्वस्त, पण रोज त्या लाद्या चौथ्या मजल्यावर चढवणार कोण? चिलरवाला, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र जोडलेला टब महाग, तरी हवं ते तापमान लावलं की काम झालं. पाणी गाळलंही जातं. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र हवंच. मी म्हणेन, आधी बर्फावर महिनाभर टिकून दाखवा, मग चिलर घ्या.

धोका दोन्हीकडे तोच: पाण्यात उतरताच धाप लागते, रक्तदाब चढतो. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि एकट्याने तर कुणीच नको. व्यायामानंतरचं अंगदुखणं कमी होतं, हे खरं; पण वजनं उचलून लगेच बुडी मारल्यास स्नायू कमी वाढतात, असं २०१५च्या एका अभ्यासात दिसलं.