इतवारीतला दोर, होडीच्या नांगरासाठी

नागपुरात समुद्र नाही, पण दोर मिळतो. इतवारीतल्या या दोराच्या दुकानात छोट्या शिडाच्या होडीसाठी १२ मिमीचा तीन पदरी नायलॉन घ्या. तो ताणतो, म्हणून लाटेचा झटका नांगराला थेट बसत नाही. ‘तोच आहे, स्वस्त पडेल’ म्हणत पुढे केलेला पॉलिप्रॉपिलीन नको. तो तरंगतो, होडीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकतो, उन्हात चुरतो. तुकडा बादलीत टाकून पाहा, नायलॉन बुडतो. बेटाच्या आडोशाला थांबताना भरतीची खोली आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळून पाचपट दोर सोडा. वारा वाढणार असेल तर सात-आठपट, म्हणजे ५ मीटरला ३५-४०. टोकं नुसती जाळून मिळतात, त्यावर सुताचे घट्ट वेढे घ्या. माप चोख, बिल मात्र मागावं लागतं.