डेमासोनीच्या नावाखाली केन्यी: मलावीची पिल्लं मागवणाऱ्यांसाठी

मलावी सिक्लिड म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, घरच्या टाकीत पाळले जाणारे रंगीत मासे. त्यांची दीड-दोन इंचाची पिल्लं ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. गेल्या वर्षी मी त्यांतल्या डेमासोनी जातीची पंधरा पिल्लं घेतली. एका पिल्लाचे ३५० रुपये, पॅकिंग आणि बस पार्सल वेगळं. त्यातलं एकही डेमासोनी निघालं नाही. सगळी केन्यी या दुसऱ्याच जातीची होती, जी तेव्हा आमच्याकडे साठ-सत्तर रुपयांना सहज मिळत होती. विकणाऱ्याने हे जाणूनबुजून केलं. त्याचा पुरावा माझ्याकडे आहे आणि तो पुढे सांगतोच. त्याचं नाव मात्र इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

ज्यांनी हे दोन मासे पाळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेल्या मलावी सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. डेमासोनी टांझानियाच्या किनाऱ्यालगत, पोंबो रॉक्स नावाच्या खडकाळ भागातला. आड कोनिंग्ज यांनी १९९४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मासे आयात करणाऱ्या लेफ डीमेसन यांच्यावरून त्याला नाव दिलं. मोठा होऊनही तो तीन इंचांच्या आसपासच राहतो. अंगावर गडद निळे, जवळजवळ काळे आणि फिकट निळे उभे पट्टे. नर-मादी दोघंही असेच दिसतात आणि पिल्लंही लहानपणापासून अशीच असतात. म्हणून तर लोक त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार होतात: रंग येण्याची वाट बघावी लागत नाही.

केन्यीची पिल्लंही निळी असतात. त्यांच्याही अंगावर उभे गडद पट्टे असतात. फरक पडतो तो पुढे. केन्यीची मादी आयुष्यभर निळी राहते, पण नर अडीच इंचांच्या सुमारास रंग पालटायला लागतो आणि पिवळाधमक होतो. शिवाय हा मासा पाच इंचांपर्यंत वाढतो आणि अतिशय भांडखोर आहे. म्हणजे विक्रेत्याच्या हाती पैसे आल्यानंतर कितीतरी महिन्यांनी गिऱ्हाइकाला खरं काय ते कळतं. या फसवणुकीचा सगळा आधार या मधल्या काळावर आहे.

त्यात आणखी एक गोष्ट फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडते. डेमासोनी आकाराने लहान असला तरी आपल्याच जातभाईंशी फार क्रूरपणे वागतो. पाच-सहाच ठेवले तर एक दांडगा नर बाकीच्यांना एकेक करून संपवतो. म्हणून बाराच्या वर ठेवा, म्हणजे मार वाटला जातो, असा सल्ला जाणकार देतात आणि तो बरोबर आहे. पण त्यामुळे डेमासोनीचं गिऱ्हाईक म्हणजे एका फटक्यात पाच हजारांची खरेदी, हे विक्रेत्याला पक्कं माहीत असतं.

व्यवहार असा झाला. व्हॉट्सअॅपच्या विक्री ग्रुपवर "डेमासोनी, एफ-१, दीड इंच, मर्यादित स्टॉक" अशी जाहिरात आली. एफ-१ म्हणजे सरोवरातून पकडलेल्या माशांची पहिली पिढी. मी आई-बापांचा व्हिडिओ मागितला. तो लगेच आला, आणि त्यातले मासे निर्विवादपणे डेमासोनीच होते. पिल्लांचे फोटो मागितले तर थोडे अंधारातले, निळ्या लाइटखालचे फोटो आले. "दादा, टेन्शन घेऊ नका, घरचं ब्रीडिंग आहे, पक्की गॅरंटी," असा व्हॉइस मेसेजही आला. तो मी अजून जपून ठेवला आहे. बिल मागितलं तेव्हा "आम्ही घरून करतो, बिल नसतं" हे उत्तर मिळालं. पैसे यूपीआयने गेले.

बॉक्स उघडला तेव्हा मासे अगदी टवटवीत होते, एकही मेलेला नव्हता. प्रवासाने मासा फिका पडतो, त्यामुळे पहिले काही दिवस फिकटपणाचं कुणालाही आश्चर्य वाटत नाही. पण पुढे आमच्या बोअरच्या कठीण पाण्यात मासे छान रुळले, खायला धावू लागले, तरी रंग काही गडद होईना. अंगाचा मूळ रंग फिकट जांभळट निळा आणि पट्टे तपकिरी झाक असलेले काळे. पट्टा पाठीवर ठळक, पोटाकडे येताना विरळ होत जाणारा. खऱ्या डेमासोनीत गडद पट्टे इतके रुंद आणि भरीव असतात की मासा आधी काळानिळा दिसतो आणि फिकट निळा रंग मधल्या फटींतून दिसतो. त्याचे पट्टे पाठीवरच्या परातही चढलेले असतात, आणि कपाळावर दोन डोळ्यांच्या मध्येही आडव्या गडद रेषा स्पष्ट दिसतात. माझ्या माशांचा पाठीवरचा पर फिकट होता. हे मी विक्रेत्याला फोटोसकट कळवलं. "नवीन जागा आहे, सेट होऊ द्या," असं उत्तर आलं.

मग सगळ्यात मोठ्या माशाच्या कल्ल्यांवर आणि गळ्याखाली पिवळसर छटा आली. आठवड्याभरात ती पोटावर उतरली आणि पट्टे पुसट होऊ लागले. पाठोपाठ आणखी दोघांचं तेच. माशाच्या मागच्या, शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यासारखा गोल ठिपका ठळक झाला. अर्धा निळा, अर्धा पिवळा असा मळकट दिसणारा तो मासा बघितल्यावर शंकेला जागाच उरली नाही. डेमासोनीचा नर कधीही पिवळा होत नाही.

विक्रेत्याची उत्तरं मुद्दाम देतो, कारण तुम्हालाही हीच ऐकायला मिळतील. आधी म्हणाला, तुम्ही रंग वाढवणारं खाद्य देता त्यामुळे पिवळेपणा येतो. खाद्यातल्या रंगद्रव्याने मुळात असलेला पिवळा-लाल रंग खुलतो. निळ्या पट्ट्यांचा मासा त्याने पिवळा होत नाही. मग म्हणाला, पीएच कमी असेल. पीएच सव्वाआठ होता, म्हणजे कमी नव्हता; टेस्टचा फोटो पाठवला. त्यानंतर म्हणाला, "मग ते साउलोसी असतील, ते तर डेमासोनीपेक्षा भारी." इथे तो आपल्याच शब्दांत अडकला. साउलोसी या मलावीच्याच जातीत पिल्लं आणि माद्या पिवळ्या असतात आणि नर पुढे निळा, पट्टेदार होतो, म्हणजे नेमकं उलट. हे ज्याला माहीत नाही त्याने एफ-१ ब्रीडर म्हणवून घेऊ नये. आणि ज्याला माहीत आहे त्याने ते गिऱ्हाइकाला गुंडाळायला वापरलं.

आता पुराव्याचं. मुंबईच्या एका हौशी मित्राने त्याच सुमारास त्याच माणसाकडून "केन्यी, दीड इंच, ६० रुपये" या जाहिरातीवरून मासे घेतले होते. त्याला आलेल्या फोटोतली टाकी आणि मला आलेल्या फोटोतली टाकी एकच आहे: तोच कोपऱ्यातला काचेचा टवका, तोच डाव्या बाजूचा पिवळा स्पंज फिल्टर, मागे तीच निळी शीट. एकाच टाकीतली पिल्लं एकाला साठला केन्यी म्हणून आणि दुसऱ्याला साडेतीनशेला डेमासोनी म्हणून. आई-बापांचा म्हणून पाठवलेला व्हिडिओ परदेशातल्या एका ब्रीडरच्या चॅनेलवरचा निघाला, फक्त कोपरे कापलेला. आम्ही दोघांनी हे एकत्र करून विचारलं तेव्हा ग्रुपवरची जाहिरात काढून टाकली गेली आणि आम्ही दोघंही ब्लॉक झालो.

नाव चुकणं आणि नाव बदलून विकणं यांत मी फरक करतो. या छंदात नावांचे घोळ प्रामाणिकपणेही होतात. आपण ज्याला इलेक्ट्रिक ब्लू म्हणतो तो मासा वर्षानुवर्षं जगभर "अहली" या दुसऱ्याच जातीच्या नावाने विकला गेला. १९९३ साली कोनिंग्ज यांनी त्याला फ्रायेरी म्हणून वेगळं केलं, तरी दुकानांत अजून अहलीच चालतं. कोपऱ्यावरचा दुकानदार "आफ्रिकन मिक्स" म्हणून जे ठेवतो त्यात काय आहे हे त्यालाही बरेचदा माहीत नसतं, आणि तो तसं सांगतोही. मात्र त्या मिक्समध्ये ऑरेटस असू शकतो हे लक्षात ठेवा. पिवळ्या अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेषांचं ते देखणं पिल्लू मोठं झालं की टाकीतल्या बाकीच्यांना जगू देत नाही.

केन्यीनेही माझ्या टाकीत तेच केलं. आधीपासून असलेल्या यलो लॅब या पिवळ्या मलावी माशांपैकी दोन मासे पिवळ्या होत चाललेल्या नरांनी मारले. केन्यीच्या नराला दुसरा पिवळा मासा प्रतिस्पर्धी वाटतो. मार खाणारा मासा पाण्याच्या वरच्या थरात, फिल्टरच्या पाइपामागे, तिरका उभा राहायचा. शेपटीचा पर काड्या उरल्यासारखा झालेला, बाजूचे खवले उपटलेले. तो वेगळ्या टाकीत काढूनही वाचला नाही. पैशांपेक्षा मला याची चीड जास्त आहे. चुकीचं नाव लावून मासा विकणारा तुमच्या टाकीतल्या बाकीच्या जिवांचाही सौदा करत असतो.

ब्लॉक करण्याआधी त्याने एक "तोडगा" काढला होता, तोही सांगायला हवा, कारण तो दुसरा सापळा आहे. केन्यी परत घेतो, वर थोडे पैसे टाका आणि फुल कलर पीकॉक घ्या, असं तो म्हणाला. फोटोत दोन इंचाचे मासे होते, एकजात लालभडक आणि निळे. पीकॉक हाही मलावीचाच सिक्लिड. त्याची पिल्लं करडी असतात, माद्या तर आयुष्यभर करड्याच राहतात, आणि नराला पूर्ण रंग यायला बराच वेळ लागतो. त्या वयाच्या टाकीतला प्रत्येक मासा रंगलेला असेल तर संशय एकाच गोष्टीचा घ्यायचा: हॉर्मोन. चिलापीच्या शेतीत सगळे नर मिळावेत म्हणून खाद्यातून जे मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नराचं हॉर्मोन देतात, तेच इथे रंगासाठी वापरतात. मादीसुद्धा नरासारखी रंगते. मी नकार दिला. माझ्या ओळखीतल्या एकाने दुसरीकडून असेच मासे घेतले होते. काही महिन्यांत निम्म्याहून अधिक मासे करडे पडले, आणि त्यांच्यापैकी एकाही मादीने तोंडात अंडी धरलेली त्याला दिसली नाही (या माशांच्या माद्या अंडी तोंडातच सांभाळतात).

त्यामुळे पिल्लं घेताना मी आता काय मागतो ते सांगतो. आई-बाप आणि पिल्लं एकाच सलग व्हिडिओत, मध्ये कट नको, टाकीसमोर माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद. लाइट पांढरा, निळा नाही. जो खरंच घरी ब्रीडिंग करतो त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे आणि तो आनंदाने करतो. पाठवलेल्या फोटोचा इंटरनेटवर उलटा शोध घ्या, म्हणजे तो आधी दुसरीकडे कुठे आला आहे का ते कळतं. डेमासोनी असेल तर पाठीवरच्या पराचा आणि कपाळाचा जवळून फोटो मागा. यलो लॅब असेल तर पाठीवरच्या परावरची काळी कड बघा. रेड झेब्रा या नारिंगी मलावी माशाशी संकर झालेल्यात ती तुटक किंवा गायब असते आणि पिवळ्यात नारिंगी झाक येते. पीकॉकच्या सुट्या माद्या तर कुणी जातीची खात्री देऊन विकत असेल तरी घेऊ नका. वेगवेगळ्या जातींच्या माद्या नुसत्या डोळ्यांनी ओळखणं मुरलेल्यांनाही जमत नाही. माशाचं पूर्ण नाव, साइज आणि "जात वेगळी निघाल्यास पैसे परत" हे मेसेजमध्ये लिहून घ्या. फोनवरच्या बोलण्याला नंतर काही किंमत उरत नाही.

बिल नसलं म्हणून हात चोळत बसायची गरज नाही. यूपीआयची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट आणि व्हॉइस मेसेज हे सगळं मी जोडलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटं वर्णन करून माल विकणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. पाच हजारांसाठी कोण एवढं करणार, याच हिशोबावर ही माणसं जगतात.

ज्यांनी गेल्या वर्षभरात असे "डेमासोनी" घेतलेत त्यांना एक विनंती. केन्यीची मादी साधारण तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि मग पुरती पोहणारी पिल्लं बाहेर सोडते. ती पिल्लं पुन्हा निळी, पट्टेदार आणि गोजिरवाणीच दिसतील. ती डेमासोनी म्हणून कुणाला देऊ नका, अगदी फुकटसुद्धा. टाकीत दुसऱ्या मलावी जाती असतील तर ती पिल्लं संकरित असण्याचीही शक्यता आहे. आणि वैतागून ती तलावात किंवा नदीत तर मुळीच सोडू नका. बाहेरून आणलेली चिलापीही सिक्लिडच आहे, आणि उजनी धरणातल्या जाळ्यात आज तीच किती येते हे तिथल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. माझी केन्यी मी केन्यी म्हणूनच, फक्त केन्यीची टाकी असलेल्या एका मित्राला दिली. ज्यांच्याकडे त्याच लॉटचे फोटो असतील, ज्यांत टाकीच्या कोपऱ्याचा टवका दिसतो, त्यांनी ते डिलीट करू नयेत. माझ्या तक्रारीला त्यांचा उपयोग होईल, आणि तुमच्याही.